ताईचा उजवा खुबा

३ मे

ताई आज काठी न घेता दुकानात आली.

मी काउंटरमागे उंच स्टुलावर बसले होते. माझी काठी चष्म्यांच्या स्टँडला अडकवलेली. एका बाईंच्या चष्म्याची दांडी सैल झाली होती, तिचा स्क्रू पिळत होते. दार उघडून ताई आत आली ती हात हलवत, पर्स खांद्याला लावून, जशी काही बस पकडायला निघाली आहे. "बघ!" म्हणाली आणि दारापासून काउंटरपर्यंत चालून दाखवलं.

त्या बाई कौतुकाने बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "धाकटी बहीण का तुमची?"

मी स्क्रू जरा जास्तच पिळला.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी आहे. ऑपरेशन माझं आधी झालं, तिचं नंतर तीन आठवड्यांनी. हॉस्पिटल तेच, डॉक्टर त्याच. माझा डावा खुबा बदलला, तिचा उजवा. खुब्याची खोबण जन्मतः उथळ असणं आम्हाला आईकडून आलं. वाटणीत आईने एवढी एकच गोष्ट दोघींना दिली. मग मी अजून काठीवर आणि ती मोकळी, हे कसं?

फिजिओच्या मुलीने रोज काय दुखतं ते लिहून ठेवायला सांगितलंय. लिहितेय.

१९ मे

मास्तरला विचारलं, "मी खूप लंगडते का रे?" तो टेबलाचा पाय तासत होता. मान वर न करता म्हणाला, "कालच्यापेक्षा कमी." हे उत्तर तो रोज देतो.

मास्तर म्हणजे माझा नवरा. धंद्याने सुतार, पण हिवाळ्यात सुट्टीच्या दिवशी उतारावर नवशिक्यांना स्कीइंग शिकवतो, म्हणून सगळे मास्तर म्हणतात. मीसुद्धा. आमची ओळख बर्फावरच झाली. मी त्याला शर्यतीत मागे टाकलं होतं आणि तो खाली येऊन माझ्यासमोर उभा राहून म्हणाला होता, "परत एकदा होऊन जाऊ दे." परतही मीच जिंकले.

आमच्या घरात खेळणारी मी होते. ताईचा पाय लहानपणापासूनच दुखायचा, माझा पन्नाशीपर्यंत गप्प होता. मी उतारावर असायचे आणि ती खाली बाकावर, सगळ्यांचे कोट मांडीवर घेऊन. कुणी तिला बसायला सांगितलं नव्हतं, पण ती बसायची. वर्षानुवर्षं हे असंच होतं आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

११ जून

फिजिओच्या मुलीने आज माझा पाय वर उचलून धरला आणि म्हणाली, "तुमच्या ताई काय सुरेख करतात हो हा व्यायाम! पोहायलाही लागल्या. तुम्ही का नाही जात?"

मी म्हटलं, मला पाण्याची ॲलर्जी आहे.

ती बिचारी गंभीर झाली. माझ्या कागदावर लिहूनही घेतलं तिने.

१२ जून

दुखतंय. खुबा नव्हे.

६ जुलै

मास्तरने ताईसाठी सायकल तयार केली. जुनी माझीच होती, गॅलरीत धूळ खात पडलेली. त्याने तिची सीट खाली केली, हँडल वर घेतलं, ब्रेक नवे टाकले. ताईला पाय फार उचलावा लागू नये म्हणून मधली दांडी खाली असलेली फ्रेम हवी होती. तीही कुठून तरी आणून जोडली. म्हणजे आता माझी सायकल असं म्हणण्यासारखं तिच्यात घंटी तेवढी राहिली.

दोघं कालव्याच्या कडेने गेले. मी गॅलरीतून बघत होते. ताई डगमगली की मास्तर हात पुढे करायचा, धरायचा नाही, नुसता जवळ ठेवायचा. मला माहीत आहे तो हात.

निघायच्या आधी त्याने मला विचारलं होतं. "तुझ्यासाठी भाड्याने आणू का एक? तिघं जाऊ."

"मला दुकानाचा हिशोब बघायचाय."

"रविवारी?"

"रविवारीच बघायचा असतो."

तो म्हणाला, "बरं." एवढंच. आणि गेला! एकदा आग्रह केला असता तर काय बिघडलं असतं?

ताईचे यजमान जाऊन सहा वर्षं झाली. तिला सोबत लागते हे मला कळतं. पण सोबत शोधायला हेच घर सापडावं?

२३ ऑगस्ट

काठी सुटली. जिने सरळ चढते, खाली वाकून बूट घालते. कुणाला सांगायलाही गेले नाही, ताईची सुटल्यावर आता त्यात नवल काय उरलं?

पण आज वेगळंच झालं. मास्तरचा डबा घरी राहिला म्हणून त्याच्या वर्कशॉपमध्ये गेले. दार अर्धं उघडं होतं. आत भुशाचा वास, रंधा बंद, आणि ताईचा आवाज. ती म्हणत होती, "तिला एवढ्यात काही सांगू नकोस. मी आहे ना." मास्तर म्हणाला, "मला नाही जमत हो ताई, रोज बघतो तिच्याकडे आणि…"

मी दार ढकललं. ताईचा हात त्याच्या खांद्यावर होता. तिने तो काढला, अगदी सावकाश, आणि म्हणाली, "ये गं. आम्ही तुझंच बोलत होतो."

बोलत असतीलच. दुसरं कशाचं बोलणार?

मी डबा ठेवला आणि आले. तळपायाची आग मस्तकात गेली होती, तरी पाय नीट पडत होते. नवा सांधा चांगला आहे, रागातही डगमगत नाही.

२४ ऑगस्ट

मास्तरला विचारायचं ठरवलं होतं. विचारलं नाही. त्याने डोळ्याला डोळा दिला असता तर विचारलं असतं. तो सबंध जेवणभर पाण्याच्या भांड्याकडे बघत होता.

३० सप्टेंबर

ताई जेवायला होती. जेवता जेवता म्हणाली, "मास्तर, या हिवाळ्यात मला शिकवशील का रे स्की?"

माझा घास हातातच राहिला.

मास्तर म्हणाला, "तुम्हाला? आत्ता?"

"का? एक पाय तर कोरा करकरीत आहे."

तो हसला. ऑपरेशनपासून माझ्या कुठल्याच बोलण्यावर तो असा हसलेला नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "डॉक्टरांना विचारायला हवं."

"छोटी जाणार आहे ना तपासणीला," ताई म्हणाली. अजून मला छोटी म्हणते. "तीच विचारून येईल दोघींचं."

पाणी तिचं झालं. सायकल तिची झाली. बर्फ तेवढा माझा उरला होता.

१४ ऑक्टोबर

डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यावर लावला. माझ्याच आत ती पांढरी मूठ आणि तिचा दांडा, इतकं स्वच्छ बसलेलं की मास्तरच्या हाताखालचं काम वाटावं. डॉक्टर म्हणाल्या, "उत्तम. आता बोला, काय करायचंय?"

"स्कीइंग."

त्या हसल्या नाहीत. मला उभं केलं, एका पायावर तोलायला लावलं, खुर्चीवरून हात न टेकता उठायला लावलं. मग म्हणाल्या, "तुम्ही आयुष्यभर केलंय, शरीराला माहीत आहे. अजून दोन-अडीच महिने मांड्या आणि कंबर मजबूत करा. मग सोपा उतार, मऊ बर्फ, गर्दी नसेल तेव्हा. उड्या नाहीत, शर्यती नाहीत. मुख्य म्हणजे पडायचं नाही."

मी म्हटलं, "माझी ताईसुद्धा शिकायचं म्हणतेय."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "शिकायचं? त्यांनी कधीच केलेलं नाही ना? मग नको. नवशिका माणूस पडतोच, आणि वेडावाकडा पडतो. सांधा निसटला किंवा हाड मोडलं तर दुसरं ऑपरेशन फार अवघड जातं. पोहणं, सायकल, चालणं, हवं तेवढं करा म्हणावं. निरोप द्याल ना?"

"देते."

१५ ऑक्टोबर

ताई दुकानात आली. समोर गिऱ्हाईक नव्हतं. एक चष्मा घालून आरशात बघत तिने विचारलं, "काय म्हणाल्या?"

"सगळं उत्तम आहे म्हणाल्या. जानेवारीत बर्फावर जा म्हणाल्या."

"अगं, किती छान!" तिने काउंटरवरून माझे दोन्ही हात धरले. खरंच आनंद झाला होता तिला, निदान तसं दिसत तरी होतं. मग म्हणाली, "आणि मला? मला चालेल?"

मी हात सोडवून फडक्याने काच पुसायला लागले. म्हटलं, "तुला काय धाड भरलीय? माझ्यापेक्षा तूच जास्त पळतेस."

तिने चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "हो. तेही खरंच."

यात खोटं एक अक्षर नाही. पळते ती माझ्यापेक्षा जास्त. आणि तिला फोन करून डॉक्टरांना विचारता येत नाही का? मी काय तिची पोस्टमन आहे?

१६ ऑक्टोबर

ताईला आज सांगेन.

२ नोव्हेंबर

रोज सकाळी भिंतीला पाठ टेकवून बसल्यासारखी उभी राहते, मांड्या थरथरेपर्यंत. पायऱ्यांवर आडवी चढते. फिजिओची मुलगी म्हणाली, "एकदम काय झालं हो तुम्हाला? नुसता धडाका!" तिला काय सांगू, रागाने माणूस किती व्यायाम करतो.

मास्तरने जेवताना ताईला विचारलं, "डॉक्टर तुम्हाला हो म्हणाल्या ना नक्की?" ताईने माझ्याकडे बोट केलं. "ती विचारून आलीय." दोघं माझ्याकडे बघत होते. मी आमटीत मीठ कमी आहे म्हणाले आणि उठले.

मला तिचं वाईट व्हायला नको आहे. इथे तरी स्पष्ट लिहिते. मला फक्त एवढंच हवंय की एकदा, एकाच जागी, ती माझ्यापेक्षा वाईट असावी. सगळ्यांसमोर आपटावी आणि मास्तरने मान हलवावी. जोरात नको. मऊ बर्फावर.

९ डिसेंबर

ताईने लाल जाकीट घेतलं. आठवड्यात तिसऱ्यांदा घालून दाखवायला आली. शोभतं तिला.

मला रात्री स्वप्न पडलं, ताई खाली बाकावर बसली आहे आणि तिच्या मांडीवरच्या कोटांखाली पाय नाहीत. सकाळी फोन उचलला. तिच्या फोनची रिंग वाजली, तिने "बोल गं" म्हटलं आणि मी विचारलं, "इस्त्री कुठे मिळते चांगली?"

१० जानेवारी

आज काय झालं ते क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या मला सोयीचं तेवढंच आठवेल.

सकाळी तिघं गेलो. ऊन होतं, बर्फ मऊ, गर्दी नाही. मास्तरने मला माझे बूट आवळून दिले आणि म्हणाला, "मी येऊ का वर?" मी म्हटलं, "तुझी विद्यार्थिनी वाट बघतेय." त्याचा चेहरा पडला. मला बरं वाटलं.

तारेवरून उतारावर नेणाऱ्या खुर्चीत बसून एकटी वर गेले. वर वारा होता आणि खाली सबंध दरी. इतका व्यायाम, इतका राग, आणि उतारासमोर उभी राहिल्यावर त्यातलं काहीही कामाला येईना. दोनदा स्कीच्या काठ्या टेकल्या, दोनदा मागे घेतल्या. मग आपोआप निघाले. पहिलं वळण डावीकडे, जुन्या पायावर. दुसरं उजवीकडे, नव्या पायावर, आणि त्याने मला उचलून धरलं. दुखलं नाही. कुरकुरलं नाही. दोन वर्षं ज्या पायाला शिव्या दिल्या तो मुकाट्याने माझं वजन घेऊन वळला. मी ओरडले. काय ओरडले ते लिहिण्यासारखं नाही.

अर्ध्या उतारावर दम घ्यायला थांबले आणि खाली नवशिक्यांच्या मैदानाकडे बघितलं. लाल जाकीट दिसलं. मास्तर तिच्यासमोर गुडघ्यावर बसून तिच्या पायात काहीतरी अडकवत होता. ताईचा हात त्याच्या डोक्यावर होता, तोल सांभाळायला. माझा सगळा आनंद तिथल्या तिथे आंबला.

तेवढ्यात एक शिकाऊ पोरगा त्यांच्या दिशेने सुटला, हात-पाय पसरून, थांबता येत नसलेला. ताईपासून हातभर अंतरावर आडवा झाला. एक स्की उडून पलीकडे गेला. ताई जागची हलली नाही. त्या क्षणी मला एक्स-रे दिसला, माझा नव्हे, तिचा.

डॉक्टरांनी सांगितलं होतं त्यापेक्षा बऱ्याच वेगाने खाली आले. "ताई, थांब! घालू नकोस ते!"

ती वळली. "काय झालं?"

"डॉक्टर नको म्हणाल्या होत्या. तुला. शिकायला नको म्हणाल्या होत्या, पडलीस तर दुसरं ऑपरेशन अवघड आहे म्हणाल्या. ऑक्टोबरमध्येच म्हणाल्या होत्या."

मास्तर गुडघ्यावरच होता, तसाच राहिला. ताई म्हणाली, "माहीत आहे मला."

मग मी तिच्या पायांकडे पाहिलं. स्की नव्हतेच. बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटांखाली बांधतात ते पसरट चौकटीचे तळवे होते. चालायचे.

"तू दुकानात काच पुसत होतीस ना," ताई म्हणाली, "तेव्हाच मला कसंतरी वाटलं. डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, तुमच्या बहिणीकडे निरोप दिला होता, मिळाला नाही का?"

"तू काय म्हणालीस?"

"मिळाला म्हटलं."

मी विचारलं, "मग इतके दिवस मला बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले होते, छोटी. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. इस्त्रीचा फोन आला तेव्हा तर मी खुर्ची ओढून बसले होते."

आवाज चढला नाही तिचा. चढला असता तर मला भांडता आलं असतं. ती झाडांच्या बाजूने चालायला निघाली, ते पसरट पाय उचलत, एकटीच. मास्तर तिच्यामागे गेला नाही. माझ्याजवळही आला नाही.

११ जानेवारी

सकाळी मास्तर बोलला. अख्ख्या वर्षात मिळून बोलला नसेल तेवढं.

म्हणाला, ऑगस्टमध्ये तो माझे स्की विकायला निघाला होता. हॉस्पिटलमध्ये मला त्या पलंगावर कण्हताना पाहिल्यापासून त्याला धसका बसला होता. मी पुन्हा पडले तर आपल्याला बघवणार नाही, असं वाटायचं. गिऱ्हाईकही ठरलं होतं. ताईला कळलं आणि ती वर्कशॉपमध्ये येऊन त्याला म्हणाली, "हात लावून बघ त्या स्कींना. ती बर्फावर नाही गेली तर उरेल काय तिच्यात?" त्याची भीती मला एवढ्यात कळू द्यायची नाही, हेही तिनेच बजावलं. तू नको नको म्हणत होतीस म्हणून तिला सायकलवर न्यायचो, तो म्हणाला. तिच्याशी तुझ्याबद्दल बोलता यायचं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला काही सांगायची सोय होती का या वर्षात?"

मी दुकान उघडलं. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघून नंबर काढले.

२९ जानेवारी

ताईचा फोन नाही. दुकानात येणं नाही. इतके महिने मला हेच तर हवं होतं. दाराची घंटा वाजली की मी मान वर करते आणि कुणीतरी परकं माणूस आत येतं.

२ फेब्रुवारी

तिच्या घरी गेले. तिने दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि बाजूला झाली. स्वयंपाकघरात पोहण्याचा पोशाख वाळत होता, त्याखाली बादली. टेबलावर एकच ताट.

मी म्हटलं, "चुकलं माझं."

"हो," ती म्हणाली.

"तू पडावीस असं वाटत होतं मला."

"ते कळलंच होतं." तिने गॅस लावला. "मला राग आलाय, आणि तो लगेच जाणारही नाहीये. तू बस."

बसले. चहा झाला. तिने साखर विचारली, जशी परक्यांना विचारतात. मग अचानक, माझ्याकडे पाठ असताना, म्हणाली, "मला वर घेऊन चल एकदा. चालत जाणाऱ्यांनाही खुर्चीत बसू देतात, मी चौकशी केलीय. खुर्ची थांबवून उतरवतात, त्याच खुर्चीतून खालीही आणतात. जन्मभर खालूनच बघितलंय मी सगळं."

१६ फेब्रुवारी

गेलो. मास्तर खाली थांबला, म्हणाला तुम्ही दोघीच जा.

खुर्चीत ताईने दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता आणि डोळे मिटले होते. वर तिथल्या माणसाने खुर्ची थांबवली, आम्ही उतरलो. तिने डोळे उघडले. वाऱ्याने तिचे केस तोंडावर येत होते, ते तिने बाजूलाही केले नाहीत.

"हे तू लहानपणापासून बघतेस?"

"हो."

"आणि घरी येऊन सांगायचीस, मजा आली. बस एवढंच?" तिला खरंच राग आला होता. "मजा आली!"

मी म्हटलं, "ताई, तुला कधी माझा हेवा वाटला?"

"कधी म्हणजे काय?" ती म्हणाली. "तुझ्या बक्षिसांच्या दिवशी माझं पोट बरोबर कसं दुखायचं, कुणी विचारलं का? आईलासुद्धा वाटायचं, मी तिखट खाल्लंय." मग मला ढकललं. "जा आता. मला वरून बघायचंय."

मी गेले. ती बघतेय म्हणून पाठ ताठ झाली, पहिलं वळण जरा जास्तच ऐटीत घेतलं. खाली मास्तर नुसता हात वर करून उभा होता. त्याच्याकडे स्की ठेवून मी तिला आणायला परत खुर्चीत बसले.

उतरताना दोघी शेजारी. या वेळी तिचे डोळे उघडे होते. खाली झाडांचे शेंडे, त्यावर बर्फ. मी विचारलं, "अजून येतो का गं राग? म्हणजे, तसला? जुना?"

तिने विचार केला. ताई विचारल्यावर खरोखर विचार करते.

"मला वाटलं होतं, गेला असेल," ती म्हणाली. "पण आज आला. ते पहिलं वळण घेतलंस ना, तेव्हा. चांगलाच आला."

लिहू नये, पण इथे कोण वाचतंय. मला फार बरं वाटलं.